जात्यापाशी बोललेलं पोलिश

पोलिश भाषेतलं कागदावर उतरलेलं सर्वांत जुनं वाक्य जात्यापाशी बोललेलं आहे. आजच्या पोलंडच्या नैर्ऋत्येला, सायलेशिया प्रांतात, हेन्रिकुफ नावाच्या गावी सिस्टर्सियन पंथाचा एक मठ होता. मठाला कुठली जमीन कुणाकडून, कशी मिळाली याची हकिगत तिथल्या मठाधिपतीनं १२७० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहून ठेवली. तसा हा दप्तरी ऐवज. अमक्याचं शेत, तमक्याचा हक्क, उद्या कुणी भांडायला आलाच तर दाखवायला कागद असावा, एवढाच हेतू. त्यात शेजारच्या ब्रुकालित्से या वस्तीचं नाव कसं पडलं ते सांगताना मठाधिपती बोगुख्वाऊ नावाच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्याची बायको सतत जात्यावर दळत बसलेली असे. नवऱ्याला तिची दया आली आणि आता मी दळतो, तू जरा टेक, अशा अर्थाचं तो तिला बोलला. सगळी हकिगत लॅटिनमध्ये, पण हे एवढं वाक्य मठाधिपतीनं त्या माणसाच्या तोंडी होतं तसंच ठेवलं. पुरुष दळतोय हे पाहून शेजाऱ्यांनी त्याला टोपणनाव ठेवलं आणि पुढे तेच वस्तीला चिकटलं.

मराठी वाचकाला जातं दिसलं की ओवी आठवणार. आपल्याकडे जात्यावर बाई बोलते, गाते, सासरची गाऱ्हाणी सांगते. तिकडच्या पहिल्या वाक्यात बोलतो तो पुरुष, आणि बाईनं काय उत्तर दिलं ते मठाधिपतीनं लिहिलेलं नाही. तरीही भाषेची सुरुवात राजाच्या शिलालेखानं किंवा प्रार्थनेनं न होता घरातल्या एका साध्या बोलण्यानं व्हावी, हे पोलिश लोकांना फार आवडतं. पोलिश भाषा आणि साहित्य यांच्या विद्यापीठीय अभ्यासाला तिकडे ‘पोलोनिस्तिका’ म्हणतात. तीन वर्षांची पदवी, पुढे दोन वर्षांचं ‘मागिस्तेर’. भाषेचा इतिहास शिकवायला घेतला की हे जातं येतंच. हेन्रिकुफचं ते हस्तलिखित २०१५ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत दाखल झालं.

पोलिश ही जगातल्या महाकठीण भाषांपैकी एक, असं सगळीकडे सांगितलं जातं. सांगणारे बहुधा इंग्रजी बोलणारे असतात. त्यांची तक्रार खरी आहे, पण ती आपण उसनी घेण्याचं कारण नाही. मराठी माणूस या भाषेच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या खिशात निम्म्या किल्ल्या आधीच असतात, असं माझं मत आहे. नाम नपुंसकलिंगी असू शकतं म्हटल्यावर इंग्रज बुचकळ्यात पडतो. आपण तो-ती-ते म्हणतच मोठे झालो. पोलिशमध्ये ‘तेन, ता, तो’. घोळ एवढाच की त्यांचा ‘तो’ हा आपला ‘ते’. मूल या अर्थाचा त्यांचा शब्दसुद्धा आपल्या ‘मूल’सारखाच नपुंसकलिंगी आहे. ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ यांत बोलणारा पुरुष की बाई ते क्रियापदावरून कळतं. पोलिशमध्येही तेच, पुरुष म्हणणार ‘बिवेम’, बाई म्हणणार ‘बिवाम’. इंग्रजीतलं ‘ए’ आणि ‘द’ यांचं झेंगट पोलिशमध्ये नाही, आपल्याकडेही नाही.

विभक्ती हा शब्द ऐकून ज्यांना शाळेतला फळा आठवतो आणि पोटात गोळा येतो, त्यांनीही घाबरू नये. पोलिशमध्ये सात विभक्ती. आपल्या शालेय व्याकरणातल्या आठांपैकी गहाळ आहे ती पंचमी, आणि ती षष्ठीत विरघळलेली. स्लाव्ह भाषांच्या इतिहासात काही नामांचं षष्ठीचं रूप हे मुळातलं पंचमीचंच रूप आहे, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून ‘घरातून’ म्हणायला पोलिश माणूस षष्ठी वापरतो. संबोधन तर जिवंत आहे. आपण ‘मुलांनो’, ‘देवा’ म्हणतो तसं तिकडे प्राध्यापकाला हाक मारताना नामाचं रूप बदलावं लागतं, नाही बदललं तर कानाला खटकतं.

गावांच्या नावांचंही तसंच. पुण्यात, ठाण्याला, साताऱ्याहून असं आपण सहज म्हणतो आणि ‘पुणे’चं ‘पुण्या’ कधी झालं ते आपल्या लक्षातही येत नाही. पोलिशमध्ये क्राकुफ हे शहर ‘शहरात’ म्हणताना ‘क्राकोव्ह्ये’ होतं. जर्मन किंवा इंग्रज विद्यार्थी इथे डोकं धरतो. त्याला वाटतं, गावाच्या नावालाही धक्का लावतात म्हणजे काय! ज्याच्या भाषेत सामान्यरूप आहे त्याला हा प्रश्न पडायला नको.

इथवर सगळं घरचंच. मग रस्ता अचानक चढणीला लागतो. ‘मी शिक्षक आहे’ म्हणायचं तर शिक्षकाला तृतीया लागते, म्हणजे जवळपास ‘मी शिक्षकानं आहे’. पुस्तक वाचतो म्हटलं तर पुस्तकाची द्वितीया, आणि वाचत नाही म्हटलं की लगेच षष्ठी. नकार आला की कर्माची विभक्ती बदलली. पण सगळ्यांवर कडी करतात ते आकडे. दोन, तीन, चार पुस्तकं इथपर्यंत नेहमीचं अनेकवचन. पाचापासून पुस्तकांची षष्ठी, आणि क्रियापद एकवचनी, नपुंसकलिंगी. म्हणजे चार पुस्तकं ‘पडली होती’, पण पाच पुस्तकांचं ‘पडलं होतं’. बारा, तेरा, चौदा यांना पाचाचा नियम. बावीस, तेवीस, चोवीस यांना पुन्हा दोनाचा. बाजारात सफरचंदं घेताना आधी मनात व्याकरण सोडवावं लागतं. मग विद्यार्थी एक सोपा मार्ग काढतात, किलोवर घेतात.

अनेकवचनातली आणखी एक गंमत वर्गात नेहमी वाद पेटवते. ‘ते’ या अर्थाची पोलिशमध्ये दोन सर्वनामं आहेत. एक फक्त पुरुषांसाठी, किंवा ज्या घोळक्यात निदान एक पुरुष आहे त्यासाठी. दुसरं उरलेल्या सगळ्यांसाठी, म्हणजे बायका, मुलं, मांजरं, टेबलं, ढग. शंभर बायकांत एक पुरुष येऊन उभा राहिला की सर्वनाम बदलतं आणि क्रियापदाचा शेवटही बदलतो. व्याकरणाला समाज कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

उच्चारांची गोष्ट निराळी आहे, आणि इथे मराठीचा एक दडलेला फायदा आहे. चोर आणि चिमणी यांतला ‘च’ एक नाही, जाळं आणि जेवण यांतला ‘ज’ एक नाही. लिहिताना अक्षर तेच, तोंडात दोन. पोलिशमध्ये या दोन्ही ध्वनींना वेगवेगळी अक्षरं आहेत. ‘काय’ या अर्थाचा त्यांचा शब्द म्हणजे चोरातला नेमका ‘चो’. हा उच्चार करताना हिंदी भाषक अडखळतो, कोल्हापूरचा माणूस अडखळत नाही. पुढे मात्र परीक्षा आहे. पोलिशमध्ये ‘श’ आणि ‘ष’ हे दोन्ही हवेत, वेगळे हवेत, आणि ते चुकले तर शब्दाचा अर्थ बदलतो. आपण षटकोनातला ‘ष’ केव्हाच ‘श’मध्ये बुडवला. पोलिश प्राध्यापक तो परत मागतात.

‘एल’ या रोमन अक्षराच्या पोटातून तिरकी रेघ गेली की पोलिशमध्ये त्याचा उच्चार ‘व’ होतो. ऐंशीच्या दशकात आपल्या वर्तमानपत्रांनी ज्याला ‘वालेसा’ केलं तो कामगार नेता पोलंडमध्ये ‘वावेंसा’ आहे. नकाशावरचं ‘लोड्झ’ हे शहर प्रत्यक्षात ‘वूच’, आणि वूच म्हणजे नाव, होडी. तिथे होडी चालेल अशी मोठी नदी नाही, हा पोलिश लोकांचा जुना विनोद. श्चेब्झेशिन नावाचं एक गाव आहे. यान ब्झेख्वा या कवीनं मुलांसाठी लिहिलेल्या एका कवितेमुळे ते जीभ वळवणाऱ्या खेळाचं गाव झालं. कवितेत तिथल्या बोरूच्या बेटात एक भुंगेरा गुणगुणतो. गावानं त्या भुंगेऱ्याचा पुतळा उभारला. परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात ती ओळ म्हणायला लावतात आणि पोट धरधरून हसतात. हा छळ प्रेमाचा मानून सोसायचा असतो.

शब्दांत जुनी ओळख अधूनमधून भेटते. ब्रात म्हणजे भाऊ, दिम म्हणजे धूर, म्येंसो म्हणजे मांस, व्दोवा म्हणजे विधवा, राना म्हणजे जखम, आपल्या ‘व्रण’ची बहीण. पण या ओळखीवर विसंबू नये. ‘ताता’ म्हणजे वडील हे ‘तात’वरून चटकन लक्षात राहतं, पण त्याच भरात ‘बाबा’ म्हणाल तर ती निघते म्हातारी, तीही जरा तुच्छतेनं उल्लेखलेली. आणि ‘पानी’ म्हणजे बाईसाहेब.

या बाईसाहेबांपाशी थोडं थांबायला हवं, कारण पोलिश शिकताना मराठी माणूस हमखास इथे घसरतो. आपल्याकडे तू आणि तुम्ही. पोलिशमध्येही तू आहे आणि ‘तुम्ही’सारखं अनेकवचनही आहे. साहजिकच वाटतं की आदर दाखवायचा तर ते अनेकवचन वापरावं. तसं नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं ते तृतीय पुरुषात, ‘पान’ किंवा ‘पानी’ म्हणून. समोर उभ्या गृहस्थालाच विचारायचं, ‘साहेब पोलिश बोलतात का?’ जुन्या वाड्यांत ‘पंतांनी चहा घेतला का?’ असं पंतांच्या तोंडावर विचारत, त्याच चालीचं हे आहे. मग अनेकवचनी ‘तुम्ही’चं काय झालं? ते एकेकाळी खेड्यात वडीलधाऱ्यांसाठी होतं. पुढे कम्युनिस्ट राजवटीत पक्षाच्या लोकांनी ते रशियन वळणानं एकमेकांसाठी वापरलं. त्यामुळे शहरातल्या पोलिश कानाला त्यातून पक्षाच्या सभेचा वास येतो. पोलंडमधल्या दुकानात एखादा मराठी विद्यार्थी अगदी नम्रपणे ‘तुम्ही’ म्हणतो आणि दुकानदाराला वाटतं, हा कुठला कॉम्रेड आला! व्याकरणाच्या तक्त्यात ही माहिती बसत नाही. त्यासाठी इतिहास शिकावा लागतो. आणि पोलिशचा इतिहास शिकायला घेतला की कळतं, वर्गात बसणं हाच त्या इतिहासातला एक मोठा अध्याय आहे.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळला. पुढची १२३ वर्षं, १९१८ पर्यंत, नकाशावर पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता. स्वतःचं राज्य नाही, दूतावास नाही. उरली ती भाषा, आणि तीही कुठे शिकायची हा प्रश्न. रशियाच्या ताब्यातल्या वॉर्सातलं विद्यापीठ पुढे पूर्ण रशियन झालं. शाळेत पोलिश मुलांना पोलिश भाषा रशियनमधून शिकवली जाई. स्तेफान झेरोम्स्की यांच्या १८९७ च्या कादंबरीत त्या शाळेचं चित्र आहे. प्रशियाच्या ताब्यातल्या व्झेश्निया गावात १९०१ मध्ये मुलांनी जर्मनमधून धर्मशिक्षण घ्यायला नकार दिला. मुलांनी मार खाल्ला, आणि निषेध करणाऱ्या पालकांवर खटले होऊन त्यांना तुरुंगवास झाला.

वॉर्सात १८८० च्या दशकात स्त्रियांसाठी एक गुप्त विद्यापीठ सुरू झालं. त्याला इमारत नव्हती. आज या घरात, उद्या त्या घरात, पोलिसांना सुगावा लागायच्या आत जागा बदलायची, म्हणून त्याचं नाव पडलं ‘उडतं विद्यापीठ’. मारिया स्क्वोदोव्हस्का नावाची मुलगी तिथे शिकली. पुढे पॅरिसमध्ये, लग्नानंतर क्युरी झाल्यावर, तिनं १८९८ मध्ये एका नव्या मूलद्रव्याला पोलोनियम हे नाव दिलं. देश नकाशावर नव्हता, तो असा रसायनशास्त्राच्या तक्त्यात आला.

या काळातल्या साहित्याचा मुकुटमणी म्हणजे आदाम मित्स्क्येविच. त्यांचं ‘पान तादेउश’ हे महाकाव्य १८३४ मध्ये छापलं गेलं ते पॅरिसमध्ये. पोलंडचे हे राष्ट्रकवी जन्मले आजच्या बेलारूसमध्ये, शिकले आजच्या लिथुआनियातल्या व्हिल्निअसमध्ये, वारले इस्तंबूलमध्ये. वॉर्सा त्यांनी कधी पाहिलं नाही. क्राकुफही नाही, १८९० मध्ये तिथल्या राजांच्या वावेल टेकडीवरच्या चर्चमध्ये त्यांचे अवशेष नेण्यात आले तीच त्यांची क्राकुफशी पहिली भेट. परदेशी विद्यापीठातल्या पोलिश अध्यापनाचा प्रसिद्ध प्रारंभही त्यांच्याच नावावर आहे. १८४० पासून पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये स्लाव्ह भाषा-साहित्याचं नवं अध्यासन त्यांच्याकडे होतं. व्याख्यानं फ्रेंचमध्ये. श्रोत्यांत संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सॅंडसुद्धा बसत. पण साहित्याच्या व्याख्यानांत हळूहळू गूढवाद, नेपोलियनभक्ती आणि राष्ट्रांच्या उद्धाराची भविष्यवाणी शिरली, आणि १८४४ मध्ये फ्रेंच सरकारनं ती थांबवली. शिक्षक म्हणून ते फारसे पद्धतशीर नसावेत, असं वाटतं. त्या सभागृहात बसायला मिळालं असतं तर मात्र कुणी सोडलं नसतं.

त्यांच्याच ‘ज्यादी’ या नाटकानं सव्वाशेहून अधिक वर्षांनी विद्यापीठ पेटवलं. ज्यादी हा पूर्वजांचा विधी. मेलेल्यांसाठी अन्न मांडायचं, त्यांना बोलवायचं, त्यांचं गाऱ्हाणं ऐकायचं. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. या विधीच्या चौकटीत मित्स्क्येविच यांनी झारच्या तुरुंगातल्या विद्यार्थ्यांची कथा बसवली. नोव्हेंबर १९६७ मध्ये काझिम्येश देयमेक यांनी ते वॉर्साच्या राष्ट्रीय रंगमंचावर आणलं, तेव्हा झारविरुद्धच्या वाक्यांवर टाळ्या पडू लागल्या. प्रेक्षक टाळ्या कुणासाठी वाजवतात ते सरकारला बरोबर कळलं. ३० जानेवारी १९६८ ला शेवटचा प्रयोग झाला, तरुण प्रेक्षक तिथून मित्स्क्येविच यांच्या पुतळ्याकडे गेले, आणि मार्चमध्ये वॉर्सा विद्यापीठाच्या आवारात लाठ्या चालल्या. लेशेक कोवाकोव्हस्की आणि झिग्मुंत बाउमान यांच्यासारखे प्राध्यापक बडतर्फ झाले, ज्यूविरोधी मोहिमेपायी हजारो ज्यू नागरिकांना देश सोडावा लागला. म्हणून ‘ज्यादी’ वर्गात शिकवायला घेतलं की एका नाटकात तीन काळ शिकवावे लागतात, विधीचा, झारचा आणि १९६८ चा.

त्याआधी एक फार काळा दिवस आहे. क्राकुफचं यागिएलोनियन विद्यापीठ १३६४ सालचं, कोपर्निकस जिथे शिकला ते. जर्मनांनी शहर घेतल्यावर ६ नोव्हेंबर १९३९ रोजी एका जर्मन अधिकाऱ्याचं व्याख्यान आहे असं सांगून प्राध्यापकांना एका दालनात जमवलं आणि तिथूनच अटक केली. एकूण १८३ जण, त्यांतले बहुतेक साक्सेनहाउजेनच्या छळछावणीत गेले. पोलिश साहित्याचा इतिहास लिहिणारे इग्नात्सी ख्झानोव्हस्की तिथेच जानेवारी १९४० मध्ये वारले. बोलीभाषांचे जाणकार काझिम्येश नीच यांनाही नेलं होतं, ते सुटून आले. १९४२ पासून शहरात विद्यापीठाचे वर्ग पुन्हा भरू लागले, लोकांच्या घरांत, चोरून. सुमारे आठशे विद्यार्थी असे शिकले. अटकसत्राच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, तिथे पोलोनिस्तिकाला नाव घातलेला एक विद्यार्थी होता कारोल वोयतिवा. पुढे तो पोप जॉन पॉल दुसरा झाला.

परदेशात पोलिश शिकवणं हेही कधी निव्वळ भाषेचं काम राहिलं नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मित्स्क्येविच यांच्या नावानं अध्यासन सुरू झालं, तेव्हा पैसा वॉर्साच्या कम्युनिस्ट सरकारचा होता. निषेध म्हणून तिथल्या पोलिशच्या एका जुन्या अमेरिकी प्राध्यापकानं राजीनामा दिला. हे अध्यासन जुळवून आणण्यात पोलिश वकिलातीतल्या एका तरुण अधिकाऱ्याचा हात होता, कवी चेस्वाफ मिवोश. हेच मिवोश १९५१ मध्ये त्या सरकारची साथ सोडून पॅरिसला राहिले आणि १९६० मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवायला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पोलिश साहित्याचा इतिहास इंग्रजीत लिहिला, १९६९ मध्ये. जगभरच्या पोलिश विभागांत तो आजही वाचला जातो. तो लिहिला गेला त्या वेळी मात्र त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांची पुस्तकं उघडपणे मिळत नव्हती. १९८० मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर सरकारची पंचाईत झाली आणि कविता छापाव्या लागल्या.

साहित्याचं नोबेल पोलिशमध्ये लिहिणाऱ्या पाच जणांना मिळालं आहे: शेन्क्येविच १९०५, रेयमोन्त १९२४, मिवोश १९८०, शिम्बोर्स्का १९९६ आणि २०१८ चं ओल्गा तोकार्चुक यांना. पण अभ्यासाला सुरुवात करणाऱ्यानं नोबेलच्या यादीवरून जाऊ नये. यान कोखानोव्हस्की यांच्या १५८० सालच्या विलापिकांपासून जावं. ‘त्रेनी’ हे त्यांचं नाव, एकूण १९. विलापिका तेव्हा राजेरजवाडे आणि थोर पुरुषांसाठी लिहायची रीत होती. या माणसानं आपल्या चिमुरड्या मुलीसाठी, उर्शुलासाठी, लिहिली. भाषा साडेचारशे वर्षांपूर्वीची असूनही विद्यार्थ्याला ती आपली वाटते, कारण दुःखाला शब्दकोश फारसा लागत नाही. व्याकरण लागतं.

पोलिशचा अभ्यास महाराष्ट्रात झालाच नाही असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. तो कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या खोऱ्यात, पाच वर्षं चालला होता. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हलवलं. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका झाली, पोलिश सैन्याबरोबर अनेक जण इराणमध्ये आले, आणि तिथून बायका-मुलं जगभर विखुरली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहांनी मुलांना आसरा दिला, ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी त्याहून मोठी होती. १९४३ मध्ये सुरू झालेल्या या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत. चर्च होतं, नाटकं होती, बालवीरांची पथकं होती, आणि मुख्य म्हणजे शाळा होत्या. कौलारू बराकींत बसून, बाहेर उसाची शेतं दिसत असताना, पोलिश मुलं मित्स्क्येविच शिकत होती. घर राहिलं नव्हतं, पूर्व पोलंड पुन्हा पोलंडच्या हाती येणार की नाही याचा पत्ता नव्हता. तरी शुद्धलेखन तपासलं जात होतं. उडत्या विद्यापीठाच्या नातवंडांनी दुसरं काय केलं असतं?

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. बहुतेक जण ब्रिटन, पोलंड आणि इतर देशांत गेले, एक तरुणी कोल्हापूरची सून होऊन इथेच राहिली. त्या बराकींत मग फाळणीनं घर गमावलेले सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर आहे, कापडाची घाऊक बाजारपेठ.

भारतात पोलिश रीतसर शिकायचं असेल तर दिल्ली विद्यापीठाचा स्लाव्होनिक आणि फिनो-उग्रियन अध्ययन विभाग आहे. पोलंडमध्ये वूचला १९५२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना पोलिश शिकवणारं केंद्र आहे. समाजवादी काळात आशिया-आफ्रिकेतून आलेली मुलं आधी वर्षभर तिथे भाषा शिकत आणि मग वैद्यकी किंवा अभियांत्रिकीला जात. वॉर्सा विद्यापीठाचं ‘पोलोनिकुम’, क्राकुफ आणि लुब्लिनचे उन्हाळी वर्ग हीही जुनी ठिकाणं. २००४ पासून परदेशी लोकांसाठी पोलिशची सरकारी प्रमाणपत्र परीक्षा आहे: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं आणि व्याकरणाचा वेगळा भाग. नागरिकत्व हवं असेल तर बी-१ पातळी लागते. इंग्रजी माध्यमातल्या अभ्यासक्रमासाठी तिकडे जाणारी आपली मुलं आता पुष्कळ आहेत. पोलिशवाचून अडत नाही असं ती पहिल्या महिन्यात म्हणतात. मग घरमालकाचं करारपत्र हातात पडतं.

जाता जाता त्या जात्याकडे परत येऊ, कारण सुरुवातीला एक गोष्ट सांगायची ठेवली होती. बोगुख्वाऊ पोलिश नव्हता. मठाधिपतीनं त्याच्या नावापुढे स्पष्ट लिहिलंय, चेक. बायको तिथली, हा बाहेरून आलेला. ज्यानं ते लिहून ठेवलं तो मठाधिपती जर्मन, आणि पुस्तक लॅटिन. त्यामुळे त्या वाक्यात पोलिश किती आणि चेक किती, यावर भाषाशास्त्रज्ञ अजून वाद घालतात. एका परदेशी माणसानं घरात, चुकतमाकत बोललेली ती भाषा आता विद्यापीठात पहिल्या धड्याला आहे.